ओके : हा शब्द आला कुठून, आणि त्याचा नेमका अर्थ तरी काय?

शब्दवेडी

'ओके'च्या जन्माच्या इतक्या कथा कानावर पडल्यात की आता कुठल्याच कथेवर विश्वास बसेना.

ग्रीकमध्ये 'ओला काला' म्हणजे सगळं छान, त्यावरून म्हणे. अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूलनिवासी लोकांच्या भाषेतल्या 'ओके' म्हणजे 'असंच आहे' यावरून म्हणे. युद्धात 'झिरो किल्ड', आज आपलं कुणी पडलं नाही, असं सांगायला फळ्यावर शून्य आणि 'के' लिहायचे त्यावरून म्हणे. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांना ऑरिन केंडल कंपनीची बिस्किटं मिळायची, त्या खोक्यांवरच्या आद्याक्षरांवरून म्हणे. आणि सर्वांत जास्त फिरणारी कथा अशी की अँड्र्यू जॅक्सन या अमेरिकी अध्यक्षांचं स्पेलिंग इतकं कच्चं होतं, की 'ऑल करेक्ट' लिहिताना ते 'ओ' आणि 'के' वापरायचे.

सगळ्याच खऱ्या असणं शक्य नाही. माझे प्रश्न दोन. यातली कुठली पुराव्यावर टिकते? आणि ओके म्हणजे नक्की काय? होकार, 'ऐकलं', 'चालेल', की 'जेमतेम'? माझं मत असं की ओके हा होकार नाहीच. होकारात इच्छा असते, ओकेमध्ये फक्त हरकत नसते. पटतंय का बघा.

टिंब

के.

रेवा

टिंब, चिडलात का? :)

टिंब

नाही हो, वाचायला बसलोय. पण बघा, एक अक्षर गाळलं की लगेच माणूस चिडल्यासारखा वाटतो. शब्दवेडी, हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी पुरावा धरा.

जुना वाचक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे, आणि तेही सहा दशकांपूर्वी. कोलंबिया विद्यापीठातले ॲलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं अक्षरशः चाळून काढली आणि १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात लेखमाला लिहिली. त्यांना सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मधला आहे. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी 'घंटावादनविरोधी मंडळ' अशा गमतीदार नावाच्या एका मंडळींबद्दल चेष्टेखोर मजकूर छापला होता. त्यात 'ओ.के.' ही अक्षरं आहेत आणि त्यांच्या शेजारीच त्यांचा अर्थ दिलाय : ऑल करेक्ट.

म्हणजे 'ऑल'ची सुरुवात 'ए'ने व्हायला हवी ती 'ओ'ने केली आणि 'करेक्ट'ची 'सी'ने व्हायला हवी ती 'के'ने केली. चूक मुद्दाम केलेली. विनोद एवढाच की 'सगळं बरोबर' असं सांगणारी दोन्ही अक्षरं चुकीची.

आता वरच्या कथा तारखेला लावून बघा. यादवी युद्ध १८६१ ते १८६५. तोवर शब्द बावीस वर्षांचा झालेला. बिस्किटं बाद. 'झिरो किल्ड' तर बहुतेकदा त्याहीनंतरच्या महायुद्धांशी जोडून सांगतात, तेही बाद.

चौकस

हे उत्तर मी आधी वाचलंय, आणि दर वेळी एकच शंका येते. एका वर्तमानपत्रातला एक फुसका विनोद जगभर पसरेल? भाषेत अशी उदाहरणं किती? माझ्या मनाला चोक्टॉचा उगम जास्त पटतो. तो बोलीतला, खऱ्या माणसांच्या तोंडचा शब्द आहे. अर्थही जवळचा, उच्चारही जवळचा. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन तर कागदपत्रांवर मुद्दाम 'ओकेह' असं स्पेलिंग लिहायचे, कारण त्यांच्या मते ते मूळ रूप होतं. इतका शिकलेला माणूस, स्वतः विद्यापीठाचा अध्यक्ष राहिलेला.

रेवा

चौकसना +१. मूलनिवासींचं श्रेय नेहमीच नाकारलं जातं, त्यामुळे मला अशा 'हे उत्तर ठरलेलं आहे'ची जरा धास्तीच वाटते.

जुना वाचक

रेवा, धास्ती रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चौकस, तो विनोद एकटा नव्हता, हाच खरा मुद्दा आहे. १८३८-३९ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्रांना लघुरूपांचं वेड लागलं होतं. 'एन. जी.' म्हणजे नो गो, जमणार नाही. 'एस. पी.' म्हणजे स्मॉल पोटॅटोज, क्षुल्लक असामी. 'जी. टी.' म्हणजे गॉन टू टेक्सस, टेक्ससला पळाला. मग मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची लाट आली : 'ऑल राइट'साठी 'ओ. डब्ल्यू.', 'नो यूज'साठी 'के. वाय.'. ओके हे या घोळक्यातलं एक पोर. आज तरुण मंडळी निरोपात जी लघुरूपं वापरतात, त्याच जातीची ही करामत होती, फक्त छापखान्यात.

चोक्टॉ उगमाची अडचण अशी की दोन्ही रूपं जवळची आहेत एवढंच आपल्याला माहीत आहे. चोक्टॉकडून इंग्रजीत शब्द गेला असेल तर मधल्या टप्प्यावर कुठेतरी, एखाद्या सरहद्दीवरच्या व्यापाऱ्याच्या पत्रात, मिशनऱ्याच्या टिपणात, इंग्रजी वाक्यात तो दिसायला हवा. बॉस्टनमध्ये मात्र तो अर्थासकट आणि भावंडांसकट दिसतो. विल्सन अध्यक्ष झाले १९१३ मध्ये. त्यांचं स्पेलिंग हे त्यांचं मत होतं, साक्ष नव्हे.

अनुस्वार

विल्सन यांच्या स्पेलिंगवरून आठवलं. १९१८ मध्ये ओटो हाइनेमान यांनी 'ओकेह' नावाने ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली. ते नाव त्यांच्या स्वतःच्या नावातल्या आद्याक्षरांतून येतं : ओटो, मधली दोन, आणि हाइनेमानचा 'एच'. शब्द आधीच सगळ्यांच्या ओठावर होता आणि योगायोगाने आद्याक्षरं जुळली. आता समजा १८३९ चं वर्तमानपत्र कुणाला सापडलंच नसतं. तर 'ओके हा शब्द एका ध्वनिमुद्रिका कंपनीवरून आला' अशी कथा आज नक्की फिरत असती, आणि ती अगदी पटलीही असती.

पिंपळपान

आफ्रिकेचा मुद्दा कुणी काढला नाही अजून. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत 'वाव' म्हणजे होय, त्याला 'के' हा जोर देणारा प्रत्यय लागतो. भाषातज्ज्ञ डेव्हिड डॅल्बी यांनी १९६९ च्या सुमारास हे मांडलं. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर हा शब्द अमेरिकेत आला असू शकतो, असं त्यांचं म्हणणं. मला हे एकदम उडवून लावता येत नाही. गुलामांचं बोलणं लिहून कोण ठेवणार होतं? छापील पुरावा नाही म्हणजे शब्द नव्हता असं होत नाही.

चौकस

हेच! छापखाना ज्यांच्या हातात, शब्दाचा जन्मदाखलाही त्यांच्याच नावावर.

जुना वाचक

पिंपळपान, तुमचं म्हणणं तत्त्वतः मान्य. बोलीत एखादा मिळताजुळता होकार आधीपासून असेल आणि त्यामुळे नवं लघुरूप लोकांच्या जिभेवर पटकन बसलं असेल, हे शक्य आहे. पण 'शक्य आहे' आणि 'इथून आला' यात फरक आहे. १८३९-४० मध्ये हा शब्द लिहिणाऱ्यांना त्यात आफ्रिकी किंवा चोक्टॉ असं काही ऐकू येत नव्हतं. ते त्याची फोड आद्याक्षरं म्हणूनच करतात, मधे टिंबं देतात, आणि त्या टिंबांवरच नवनवे विनोद रचतात.

शब्दवेडी

मग जॅक्सन यांच्या स्पेलिंगचं काय? तीही कथा बॉस्टनच्या विनोदाच्या बरीच जवळची आहे.

अनुस्वार

जवळची आहे, कारण ती त्याच विनोदातून निघाली. १८४० ची निवडणूक. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणत. समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये 'ओ. के. क्लब' काढला. अक्षरांत दोन्ही अर्थ बसले : आमचा किंडरहूकचा गडी आणि सगळं बरोबर. एका बाणात दोन पक्षी.

विरोधक व्हिग पक्षाचे. ते गप्प कसे बसतील? १८३७ च्या आर्थिक संकटाने लोक होरपळलेले होतेच, त्यामुळे 'आउट ऑफ कॅश' मधला कॅश 'के'ने लिहून त्यांनी तीच अक्षरं उलटवली. आणि याच धुमाळीत विरोधी गोटातून वावडी उठली की व्हॅन ब्यूरेन यांचे राजकीय गुरू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नाही, ते कागदांवर ओ.के. लिहून सही करायचे. प्रचारातली टवाळी होती ती. दीडशे वर्षं लोकांनी ती इतिहास म्हणून सांगितली.

व्हॅन ब्यूरेन हरले, विल्यम हेन्री हॅरिसन निवडून आले. शब्द मात्र त्या एका वर्षात देशभर गेला.

टिंब

म्हणजे निवडणूक उमेदवार हरला आणि घोषणा जिंकली. बाकी भावंडांचं काय झालं म्हणे? 'ओ. डब्ल्यू.' वगैरे?

अनुस्वार

गेली बिचारी. त्यांना कुणी किंडरहूक भेटला नाही. चौकस, तुम्ही विचारलं होतं ना, फुसका विनोद जगभर कसा पसरेल? एकट्याने नाही पसरला. आधी निवडणूक मिळाली. मग जॅक्सनच्या वावडीमुळे शब्दाला एक सांगण्यासारखी गोष्ट चिकटली, आणि गोष्ट असलेला शब्द लोक विसरत नाहीत. नंतर तारायंत्र आणि रेल्वे आली. संदेश मिळाला, नीट मिळाला, हे दोन अक्षरांत कळवता येत होतं. कार्यालयांत कागदावर 'ओके' लिहून पुढे सरकवणं सुरू झालं. तोवर मूळ विनोद कुणाच्या लक्षातही राहिला नव्हता. राहिला असता तर गंभीर कागदावर तो कुणी लिहिला नसता, असं मला वाटतं.

रेवा

हे शेवटचं वाक्य फार आवडलं. विनोद विसरला गेला म्हणून शब्द जगला.

मेघना_१२

अवांतर : आद्याक्षरांवरून सांगितलेल्या सगळ्याच कथांना माझा विरोध आहे. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. 'टिप' म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस'. आणि 'पॉश' म्हणजे इंग्लंडहून हिंदुस्थानला जाताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली, म्हणजे ऊन लागत नाही, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची अक्षरं छापायचे. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. 'न्यूज' तर सरळ 'न्यू'चं अनेकवचन आहे, नव्या गोष्टी. विसाव्या शतकाआधी आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत इंग्रजीत अगदी विरळा होती, त्यामुळे अशी फोड कुणी सांगितली की मी आधी संशय घेते.

जुना वाचक

मेघना, नियम उत्तम आहे. आणि ओकेची गंमत हीच की तो या नियमाला खराखुरा अपवाद आहे. आद्याक्षरांची कथा, तीही चुकीच्या स्पेलिंगची, ऐकताच खोटी वाटावी अशी, आणि तिलाच पुरावा आहे.

पिंपळपान

पॉशवर वेगळा धागा काढा मेघना. तिकीट सापडलं नाही, पण कथा सांगणारे दर कार्यक्रमात सापडतात.

दीपस्तंभ

शब्दवेडी यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू का? उगमावर भरपूर झालं, अर्थावर काहीच नाही.

माझं रोजचं काम परदेशी सहकाऱ्यांशी फोनवर बोलण्याचं. सुरुवातीला एका बैठकीत समोरचा योजना सांगत होता आणि मी प्रत्येक वाक्याला 'ओके, ओके' म्हणत होतो. माझ्या दृष्टीने अर्थ : ऐकतोय, पुढे बोला. त्याने बैठकीचा वृत्तांत लिहिला, 'सर्व मुद्दे मान्य'. मान्य त्यातले निम्मेही नव्हते. दोघांपैकी कुणाचंही इंग्रजी चुकलं नव्हतं. शब्दच तसा आहे. तेव्हापासून मी 'समजलं' आणि 'मान्य' हे वेगवेगळ्या शब्दांत सांगतो.

शब्दवेडी म्हणतात ओकेमध्ये हरकत नसते. मी म्हणेन, कित्येकदा तेवढंही नसतं. नुसती पोच असते.

मेघना_१२

आणि कधी चक्क नकार! 'मदत हवी का?' या प्रश्नाला इंग्रजीत 'आय ॲम ओके' असं उत्तर आलं तर अर्थ 'नको, राहू दे'. 'सिनेमा ओके होता' म्हणजे यथातथा. पण माणूस पडल्यावर 'आर यू ओके?' विचारलं आणि 'ओके' उत्तर आलं तर जीव भांड्यात पडतो. तिथे यथातथा नसतं, सुखरूप असतं. स्वराप्रमाणे अर्थ बदलतो : लांबवलं तर शंका, तोडलं तर राग, चढवलं तर प्रश्न.

आकाशवेध

दीपस्तंभ यांनी लिहिलंय त्याचं सर्वांत भयंकर उदाहरण विमानवाहतुकीत आहे. मी या क्षेत्रात शिकवतो, म्हणून थोडं विस्ताराने.

२७ मार्च १९७७. टेनेरीफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ, दाट धुकं, दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर. केएलएमचं विमान एका टोकाला उड्डाणाच्या दिशेने उभं होतं, पॅन ॲमचं त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे येत होतं. केएलएमच्या वैमानिकाने रेडिओवर सांगितलं की आम्ही आता 'ॲट टेकऑफ'. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागेवर थांबलंय. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. नियंत्रक म्हणाला, 'ओके'. क्षणभर थांबला. मग म्हणाला, 'उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो'. पण नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमचे वैमानिकही रेडिओवर बोलले, की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. दोन प्रक्षेपणं एकमेकांवर आदळली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये एक कर्कश शिट्टी ऐकू गेली. स्पष्ट ऐकू आलं ते फक्त 'ओके'.

५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासातला सर्वाधिक बळी घेणारा अपघात तो. कारणं अनेक होती : धुकं, घाई, गर्दी, कॉकपिटमधली वरिष्ठांपुढची भीड. एका शब्दावर सगळं ढकलणं अन्यायाचं होईल. पण त्यानंतर रेडिओवरची भाषा फार काटेकोर झाली. 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. परवानगी मिळाली की वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणून दाखवायची. नुसतं 'ओके' म्हणणं चालत नाही. विद्यार्थी सवयीने म्हणतात, आणि मी दर वेळी थांबवतो. 'पोचलं', 'करतो' आणि 'परवानगी आहे' यांना तीन निरनिराळे ठरलेले शब्द आहेत, आणि ते तीनच राहिले पाहिजेत.

रेवा

अंगावर काटा आला. धन्यवाद, आकाशवेध.

शब्दवेडी

आकाशवेध, हे माहीत नव्हतं. मनापासून आभार. दीपस्तंभ आणि तुमचा प्रतिसाद एकत्र वाचला की अर्थाचं चित्र दिसतं : तारायंत्रवाल्यांचा ओके हा 'संदेश पोचला' होता, आणि कार्यालयातला ओके 'मंजूर' होता. दोन्ही अर्थ तेव्हापासूनच शब्दात शेजारी-शेजारी राहताहेत.

सागरतळ

पाणबुड्यांकडे याचं उलट उदाहरण आहे. पाण्याखाली अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेलं वर्तुळ म्हणजे ओके, आणि तिथे त्याला एकच अर्थ. विचारणाराही तीच खूण करतो, उत्तर देणाराही तीच. अंगठा वर केला तर मात्र 'छान' नव्हे, 'वर चला'. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात, सगळं छान आहे असं दाखवायला अंगठा वर करतात आणि सोबती त्यांना घेऊन वर निघतो.

जमिनीवर मात्र ही खूण जपून. ब्राझीलमध्ये ती अश्लील मानतात, फ्रान्समध्ये तिचा अर्थ 'शून्य' होऊ शकतो, जपानमध्ये 'पैसे'.

टिंब

आणि संगणकावरचं 'ओके' बटण? त्याची कथा माहीत आहे का कुणाला? ॲपलच्या लिसा संगणकावर काम चालू असताना त्या बटणावर 'डू इट' असं लिहिलं होतं. ओके फारच बोलीतलं वाटत होतं त्यांना. मग सामान्य लोकांना बसवून चाचण्या घेतल्या, तर एक जण वैतागला. मशीन मला 'डोल्ट' का म्हणतंय? त्या ठशात मोठा 'आय' लहान 'एल'सारखा दिसत होता आणि 'डू इट' हे 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, असं वाचलं जात होतं. शेवटी ओके लावलं.

अनुस्वार

वा! म्हणजे चुकीच्या वाचण्यातून ओके पुन्हा एकदा जिंकला.

चौकस

मी अजून पूर्ण शरण आलेलो नाही हं. बॉस्टन, किंडरहूक, तारायंत्र हा धागा मजबूत आहे, मान्य. पण उद्या १८३९ च्या आधीचा एखादा कागद सापडला तर? तेव्हा काय कराल?

जुना वाचक

तर मी पहिला आनंदाने वाचेन. असे दावे झालेत, म्हणून मी सावध आहे इतकंच. टेनेसीतल्या समनर काउंटीच्या न्यायालयाच्या १७९० च्या दप्तरात 'ओ.के.' आहे, असं एका इतिहासकाराने १८५९ मध्ये छापलं, आणि त्या नोंदीत संबंध कुणाचा, तर पुन्हा अँड्र्यू जॅक्सन यांचाच! लोकांना वाटलं, झालं, सापडलं मूळ. नंतर मूळ हस्ताक्षर नीट तपासलं, तेव्हा दुसरं अक्षर 'आर' निघालं. 'ऑर्डर रेकॉर्डेड', आदेश नोंदवला. न्यायालयीन दप्तरात शोभणारंच लघुरूप. १८१५ च्या एका प्रवासाच्या रोजनिशीतही ही अक्षरं दिसल्याचं सांगतात, पण तिथे खाडाखोड आहे आणि वाक्यात ती नीट बसत नाहीत.

त्यामुळे चौकस, कागद आणा, पण छापील प्रत नको, हस्तलिखिताचं छायाचित्र आणा. आणि त्या ओळीच्या आधीची आणि नंतरची ओळही दिसू द्या.

चौकस

ठरलं. चोक्टॉ भाषेत मिशनऱ्यांनी छापलेली जुनी पुस्तकं डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहेत, तिथून सुरुवात करतो. पिंपळपान, वोलोफची बाजू तुम्ही बघता का? गुलामांच्या बोलण्याच्या प्रवाशांनी केलेल्या नोंदी तरी असतील.

पिंपळपान

बघते. अठराव्या शतकातली प्रवासवर्णनं आधी काढते. 'के'ने सुरू होणारा होकार कुठे दिसला तर पानासकट इथे टाकेन.